शेवंतीचं औषध

७ डिसेंबर २००४, मंगळवार
येवल्याच्या बाजारातून घोडी आणली. अंगावर एकही डाग नाही, नुसती पांढरी. दलाल पाच वर्षांची सांगत होता, दात बघून मला सातची वाटली. पण स्वभाव इतका गरीब की टेम्पोत चढताना एकदाही मागे सरली नाही.

सत्तावीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं. व्हीआरएस घेतल्यापासून मळ्यात आहे, पण मळा सोमनाथच्या आईचा. फुलं तीच लावते, तीच तोडते, तीच बाजारात पाठवते. मी तिथे बदली कामगार. आता वरातीची घोडी हे माझं स्वतःचं काम. मखमलाबादपासून गंगापूर रोडपर्यंत एवढी मंगल कार्यालयं झाली आहेत आणि घोड्या मोजून चार.

सुनेने, शुभांगीने ओवाळलं आणि नाव ठेवलं शेवंती. मुलगा सोमनाथ म्हणाला, "मळ्यात शेवंती कमी होती म्हणून गोठ्यातपण का?" ती म्हणाली, "ही तोडायची नाही, एवढाच फरक."

२० फेब्रुवारी २००५, रविवार
आज सातपूर कॉलनीत इज्जत गेली. शेवंती सकाळपासून शेपूट वर करत होती, ती माजावर आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. वरात कार्यालयाच्या दारात पोचली, नवरीची आई ताट घेऊन पुढे आली आणि घोडी पाय फाकवून मुतायला लागली. थांबेचना. नवरदेवाचे पाय वर. बँडवाला हसून हसून वाजवायचा थांबला. नवरीकडची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "दारातच अपशकुन." तिथेच उभ्या असलेल्या एकाने पुढच्या महिन्यासाठी मला सांगून ठेवलं होतं. तो निघताना नजर चुकवून गेला.

२ मार्च, बुधवार
सोमनाथच्या आईचा मावसभाऊ वाळू मुंबईला रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात आहे. निरोप गेल्यावर आज स्वतः आला. पाण्याच्या दोन बाटल्यांत तेलासारखं पिवळसर औषध.

"नाना, रोज सहा मिली तोंडातून. चार दिवसांत माज बंद. आमच्याकडं लाखालाखाच्या घोड्यांना हेच देत्यात. लय भारी, फॉरेनचं हाय."

मी विचारलं, "डबा कुठाय? त्यावर लिहिलेलं असेल ना काही."

"डबा आणून नोकरी घालवू व्हय? इंग्रजीत काय बाय छापलंय, ते साहेब लोकांसाठी. आम्हाला तर हातमोजे घालून द्यायला लावत्यात. घोड्याच्या तोंडात हात घालायचा आन् वर हातमोजे. नखरे निस्ते." आम्ही दोघं हसलो.

जनावरांच्या डॉक्टरला एकदा विचारावं असं मनात आलं. पण विचारलं की औषध कुठून आणलं तेही सांगावं लागेल. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. शेवंती, रोज ६ मिली, सकाळी. बिनचिठ्ठीची वस्तू मी आयुष्यात कधी रॅकवर ठेवली नाही.

५ मार्च, शनिवार
तीन दिवस औषध वाया गेलं. पिचकारी तोंडाशी नेली की घोडी मान फिरवते आणि सगळं माझ्या शर्टावर. आज शुभांगी म्हणाली, "नाना, माझ्याकडे द्या." बाजरीचं पीठ, गूळ, त्यात औषध ओतून तिने हाताने मळलं, लाडू वळले आणि तळहातावर धरले. शेवंतीने हात चाटूनपुसून खाल्लं.

पोरगी हुशार आहे. मुक्त विद्यापीठातून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सोमनाथच्या आईला ते पुस्तक घेऊन बसणं आवडत नाही. लग्नाला दोन वर्षं होत आली, अजून घरात पाळणा नाही, हे तिच्या डोक्यात सारखं असतं.

१९ मार्च, शनिवार
औषध लागू पडलं. सलग चार वराती, घोडी मूर्तीसारखी उभी. सातपूरचं नजर चुकवून गेलेलं गिऱ्हाईकही परत आलं.

सकाळी थंडी अजून आहे. मळ्यात काम करून शुभांगीच्या हाताला भेगा पडतात. लाडू वळून झाले की पातेल्याला राहिलेलं तेल ती कोपरापर्यंत चोळते. म्हणते, "नाना, हात किती मऊ पडतात बघा." मला बरं वाटलं. काही वाया घालवत नाही.

११ मे, बुधवार
अक्षय्य तृतीया. दोन वराती, दोन्ही चांगल्या.

एक गोष्ट लिहून ठेवतो. आमच्याकडे बाई बाजूला बसली की तीन-चार दिवस लग्नाच्या घोडीला शिवत नाही. मार्चमध्ये औषध सुरू झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते दिवस मी निभावले होते. त्यानंतर एप्रिल गेला, मे आला, मला एकदाही लाडू वळावे लागले नाहीत. मी सोमनाथच्या आईला म्हटलं. ती म्हणाली, "तुम्हाला आज कळलं? मी रोज मोजते." सकाळी तिने देवापुढे साखर ठेवली. शुभांगीला जड उचलू देत नाही. पुस्तक घेऊन बसली तरी काही बोलली नाही.

२१ मे, शनिवार
दिवस गेलेले नाहीत. तपासणी दोनदा केली. शुभांगीचं डोकं दुखतं, पोटात कळा येतात, पण पाळी नाही आणि गर्भही नाही. सोमनाथच्या आईने देवापुढची साखर मुंग्यांना टाकली.

६ जून, सोमवार
नाशिक रोडच्या डॉक्टरीणबाईंकडे रक्ताचे रिपोर्ट दाखवले. मी बाहेर बाकावर होतो. आत काय झालं ते सोमनाथच्या आईने रिक्षात सगळ्यांदेखत सांगितलं. डॉक्टरीण म्हणाल्या, पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असलेल्या बाईचे रिपोर्ट असे येतात. बाहेरून काहीतरी अंगात जातंय. घेत असशील तर सांग, मी रागावणार नाही.

शुभांगी म्हणाली, "मी काही घेत नाही."

घरी आल्यावर सोमनाथच्या आईने तिची पेटी उपसली, पुस्तकांची पिशवी झटकली, गादीची खोळ काढली. काही सापडलं नाही. "सापडायला ती ठेवील कशाला?" ती म्हणाली. "आधी बी.ए. व्हायचंय तिला. आपण इथं नवस बोलतोय आन् ही आपल्याला खेळवती."

शुभांगी माझ्याकडे वळली. "नाना, तुम्ही तरी सांगा. सकाळपासून तुमच्यासमोर असते मी."

मी म्हटलं, "डॉक्टर खोटं कशाला बोलेल?"

सोमनाथ चपला घालून सेकंड शिफ्टला निघून गेला. त्याची ड्युटी फर्स्टला होती.

७ जून, मंगळवार
तिचा भाऊ गोरक्ष सुकेण्याहून मोटरसायकल घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. जाण्याआधी तिने शेवंतीला लाडू दिले. उद्यापासून काय करायचं हा प्रश्न आहे.

८ जून, बुधवार
शिळ्या भाकरीवर चमच्याने औषध ओतलं, घोडीने मुकाट्याने खाल्लं. म्हणजे एवढं रोज मळायची, वळायची गरजच नव्हती.

२५ जून, शनिवार
गोरक्षचा फोन. शुभांगीची पाळी आली, कुठलंही औषध न घेता, माहेरी गेल्यावर बाराव्या दिवशी. त्याला वाटलं आम्हाला आनंद होईल. सोमनाथची आई म्हणाली, "तिथं गोळ्या बंद झाल्या, आली. आता तर पुरावाच झाला."

मलाही तेच पटलं. स्टोअरमध्ये माल कमी भरायला लागला की आम्ही एकेका माणसाची पाळी बदलायचो. ज्याच्या जाण्याने घट थांबली, तो चोर. हा हिशेब कधी चुकला नाही.

१० जुलै, रविवार
भावकीतले कर्ते पुंजाराम भाऊ, त्यांच्या ओसरीवर बैठक झाली. दोन्हीकडची मिळून पंधरा माणसं. डॉक्टरीण काय म्हणाल्या ते मी सांगितलं. आमच्यात मी फार बोलत नाही, म्हणून बोललो की लोक ऐकतात. दसऱ्यानंतर फारकतीचा कागद करायचं ठरलं. शुभांगी आत बायकांत बसली होती. तिने आतूनच दोनदा सांगितलं, मी गोळ्या घेतल्या नाहीत. पुंजाराम भाऊ म्हणाले, "बाई, मोठी माणसं बोलतायत."

१० ऑगस्ट, बुधवार
शेवंतीने चारा टाकला. अंग तापलेलं, शेपटीखाली घाण पांढरा स्राव. सरकारी डॉक्टर रजेवर, म्हणून गंगापूर रोडच्या डॉ. मनीषा यांना आणलं. त्यांच्या दवाखान्यात जास्त करून कुत्री असतात. चप्पल चिखलात रुतली तरी तक्रार नाही.

घोडी तपासून म्हणाल्या, "गर्भाशयाला सूज आहे. काही औषध चालू होतं?"

मी बाटली आणली. तिचं झाकण उघडण्याआधी त्यांनी पिशवीतून हातमोजे काढून घातले. मला वाळू आठवला. वास घेतला, उजेडात धरली, मग औषध कुठून आलं, कोणत्या घोड्यांना देतात ते खोदून खोदून विचारलं.

"हे कुणी लिहून दिलं?"

"कुणी नाही."

"किती दिवस चालू आहे?"

"मार्चपासून रोज. सीझन संपला तरी खंड नको म्हणून."

त्या म्हणाल्या, "काका, हे हार्मोन आहे. घोडी आधी तपासायची, मग मोजके दिवस, तेही डॉक्टर सांगेल तेवढंच. आत आधीच जंतू असतील तर यानं वाढतात. आणि हे देतं कोण?"

"आता मी देतो. आधी सून द्यायची."

"कशी? पिचकारीने?"

मी सांगितलं. पीठ, गूळ, हाताने मळणं. कोपरापर्यंत चोळणं मी सांगणार नव्हतो, पण तेही सांगितलं.

बाईंनी बाटली खाली ठेवली. "कातडीतून आत जातं हे. घोडीचा माज जसा थांबतो तशी बाईची पाळी थांबते. म्हणून डब्यावरच छापलेलं असतं की अशा वयाच्या बाईने हात लावू नये, आणि बाकी कुणीही हातमोज्यांशिवाय लावू नये. तिला काही त्रास झाला का?"

मी म्हटलं, "नाही. ती माहेरी असते."

११ ऑगस्ट, गुरुवार
रात्रभर पडून होतो. सकाळी गुलाब तोडता तोडता सोमनाथच्या आईला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे ती खोटं नव्हती बोलत," मी म्हटलं.

"कळलं मला." टोपली भरल्यावर म्हणाली, "अहो, उद्या गावात फुटलं की या घोडीपायी घरची सून वांझ झाली, तर कोण बाप आपला नवरदेव हिच्यावर बसवील?"

"वांझ नाही झाली. बंद केलं की दोन आठवड्यांत—"

"लोक तेवढं ऐकायला थांबतील?"

सोमनाथलाही सांगितलं. तो टिफिन भरत होता. "आईशी बोला," म्हणाला.

२१ ऑगस्ट, रविवार
घरी कुणाला न सांगता सुकेण्याला गेलो. शुभांगी ओट्यावर शेंगा फोडत होती. तिच्या आईने पाणी आणून ठेवलं, चहाचं विचारलं नाही.

मी सांगितलं तेव्हा ती रडेल असं वाटलं होतं. तिने औषधाचं नाव विचारलं. मला नीट सांगता येईना, म्हणून डॉ. मनीषांनी लिहून दिलेला कागद पुढे केला. औषधाचं नाव, बंद करा, स्त्रियांनी हाताळू नये, असं त्यावर आहे. तिने तो दोनदा वाचला आणि घडी करून पुस्तकात ठेवला.

मी म्हटलं, "झालं ते झालं. घरी चल."

"सोमनाथ का नाही आले?"

"शिफ्ट आहे त्याची."

"आज रविवार आहे, नाना."

हातातली शेंग फोडून म्हणाली, "येण्याचं नंतर बघू. ज्या पंधरा माणसांसमोर तुम्ही मला खोटी ठरवलंत, त्यांच्यासमोर हे सांगा. मग बोलू."

मी सांगतो म्हणालो. त्या वेळी खरंच सांगणार होतो.

२ ऑक्टोबर, रविवार
शेवंती पूर्ण बरी. डॉ. मनीषा म्हणाल्या, यंदा औषध नको, माजाच्या दिवसांची नोंद ठेवा आणि ते पाच-सात दिवस वरात घेऊ नका. एवढं सोपं होतं. मी कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा केल्या. तुळशीच्या लग्नानंतरच्या अकरा वराती आत्ताच ठरल्या आहेत. त्यातल्या सहा पुंजाराम भाऊंच्या ओळखीच्या.

१६ ऑक्टोबर, रविवार
बैठक. माणसं तीच.

स्टॅम्पपेपर वाचून झाला. शुभांगी या वेळी आत बसली नाही, भावाशेजारी बाहेर बसली. म्हणाली, "सही करते. पण आधी नाना काही सांगणार आहेत."

सगळे माझ्याकडे वळले. पुंजाराम भाऊ म्हणाले, "बोला कारभारी."

मी पाणी प्यालो. म्हटलं, "माझं काय असणार?"

तिने मला अजून थोडा वेळ दिला. मग पुस्तकातून तो कागद काढून पुंजाराम भाऊंना दिला. त्यांनी चष्मा लावला. "पेशंटचं नाव शेवंती. वय सात वर्षं. जात घोडी." लोक हसले. "बाई, यात तुझं नाव कुठंय?"

"खाली लिहिलंय, स्त्रियांनी हाताळू नये. ते औषध मी रोज हाताने मळत होते. त्याने माझी पाळी बंद झाली. डॉक्टरांनी नानांना सांगितलंय. विचारा त्यांना."

एक पोक्त माणूस म्हणाला, "औषध घोडीला आन् गुण सुनेला?" पुन्हा हसले. कुणीतरी त्याला म्हणालं, ही गंमत वेदिकेच्या बापाच्या कानावर गेली तर स्थळ मोडेल, तसं त्याने आवरतं घेतलं. सोमनाथला वेदिका नावाची मुलगी सांगून आली आहे, हे मला तिथे कळलं.

पुंजाराम भाऊंनी कागद माझ्यापुढे धरला. "काय हो हे कारभारी?"

सोमनाथची आई दाराआडून बघत होती. मला ती काय म्हणाली होती ते आठवलं आणि अकरा तारखा आठवल्या. मी म्हटलं, "घोडी आजारी होती मध्ये. तिचाच कागद आहे. हिच्याकडे कसा आला ते मला माहीत नाही."

गोरक्ष उठून अंगावर आला, दोघांनी त्याला धरलं. शुभांगी म्हणाली, "बस दादा." कागद तिने परत मागून घेतला. मग स्टॅम्पपेपरवर तीन ठिकाणी सही केली. घाई नाही, अक्षर नेहमीसारखं सुबक.

जाताना माझ्या पाया पडली नाही. सोमनाथच्या आईला ते लागलं. घरी येईपर्यंत ती तेच बोलत होती.

मी स्वतःला सांगतो की पोरीला पुढे दुसरं घर मिळेल, शिकलेली आहे. आमचं मात्र एकच गाव.

२७ नोव्हेंबर, रविवार
वेदिकेकडची मंडळी घर बघायला आली. बाप, चुलता, दोन बायका, मुलगी. माणसं साधी, भाजीपाला लावणारी.

पोहे झाल्यावर बापाने घसा साफ केला. "एक विचारायचं होतं. पहिलीचं नेमकं काय झालं?"

सोमनाथची आई म्हणाली, "गोळ्या खायची. आम्हाला पत्ता नाही. डॉक्टरनीच पकडलं."

"बाप रे," मुलीची आई म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, घरचा कर्ता काय म्हणतो म्हणून.

मी चहाचा ट्रे पुढे केला. "घ्या, निवतोय."

नंतर मळा दाखवला. वेदिका गोठ्यापाशी थांबली. वीस-एकवीस वर्षांची असेल, डोळे मोठे. "किती पांढरी आहे," म्हणाली आणि हात पुढे केला. माडीवर त्या बाटलीत अजून दोन बोटं औषध आहे. फेकावं कुठे ते डॉक्टरांना विचारायचं राहिलं आहे.

"हात नको लावू," मी म्हटलं.

"चावते का?"

"हो. चावते."

तिने हात मागे घेतला. शेवंतीने मान लांब करून तिच्या ओढणीचा वास घेतला आणि तशीच उभी राहिली.